जुलैत माझा कॅथोड सादळतो : मुंबईच्या हवेत इलेक्ट्रोड करणारं इथे कुणी आहे का?

केळफूल | १२ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

लिथियम बॅटरीच्या कॅथोडवर, म्हणजे धन बाजूच्या इलेक्ट्रोडवर, माझं पीएचडीचं काम चालू आहे, तिसरं वर्ष. पदार्थ एनएमसी ८११, म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट आठास एकास एक या प्रमाणात असलेलं लिथियमचं ऑक्साइड. दिसायला काजळीसारखी काळी पावडर. ती थोड्या कार्बन ब्लॅकबरोबर आणि पीव्हीडीएफ नावाच्या बाइंडरबरोबर (कण चिकटवून ठेवणारा पदार्थ) एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये घोटायची. झालेली स्लरी ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पातळ पसरायची, वाळवायची, गोल चकत्या पाडायच्या आणि ग्लव्ह बॉक्समध्ये (आत कोरडा वायू भरलेली बंद पेटी, हातमोज्यांतून हात घालायचे) बटणाएवढे सेल बांधायचे.

नोव्हेंबर ते मार्च सगळं सुरळीत चालतं. जून लागला की बिनसतं. परवा स्लरी घोटून जेवायला गेले, परत येऊन बघते तर बाटलीत खरवस! बाटली उपडी केली तरी थेंब हलेना. ज्या बॅचचा लेप नीट बसतो तिचे सेलही ५०-६० फेऱ्यांत (एकदा चार्ज, एकदा डिस्चार्ज म्हणजे एक फेरी) मान टाकतात. हिवाळ्यात याच पावडरीचे सेल २०० फेऱ्या चालले होते.

आमच्या कॉलेजात ग्लव्ह बॉक्स नाही. इलेक्ट्रोड इथे करते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकते आणि दुसऱ्या संस्थेत घेऊन जाते. वडाळ्याहून हार्बर, कुर्ल्याला उतरून बस. सर म्हणतात, पावसाळ्यात लिखाण उरक, प्रयोग ऑक्टोबरात कर. पण वर्षातले चार महिने असे घालवायचे तर फेलोशिप पुरणार कशी? कुणाला अनुभव असेल तर सांगा. अगदी बारीकसारीकही चालेल.

गवतीचहा | १२ जुलै, रात्री ११:०५

विज्ञान मला दहावीपुरतंच. पण शीर्षकातला 'सादळतो' वाचून थांबले. आमच्याकडे पापड सादळतात, चिवडा सादळतो, मिठाला पाणी सुटतं. इलेक्ट्रोडला नक्की काय होतं गं? कुणीतरी मला कळेल असं सांगा.

अनुस्वार | १२ जुलै, रात्री ११:११

बाटलीत खरवस झाला तर वेलची घालून बघितलीत का? :) गंमत केली, राग मानू नका. वाचतोय.

तळ्याकाठी | १३ जुलै, सकाळी ७:३०

केळफूल, तुझं पत्र वाचून माझे पहिले दोन पावसाळे आठवले. अगदी हेच झालं होतं.

गवतीचहा, तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. हा पदार्थ म्हणजे एकावर एक रचलेल्या थरांची चळत. थरांच्या मधल्या फटीत लिथियम बसलेलं असतं. चार्ज करताना ते बाहेर पडून पलीकडच्या इलेक्ट्रोडमध्ये जातं, वापरताना परत येतं. बॅटरीचं सगळं आयुष्य म्हणजे ही ये-जा. निकेल जास्त असेल तर जास्त लिथियम ये-जा करू शकतं, म्हणून या पदार्थाची क्षमता ग्रॅममागे साधारण २०० मिलीअँपिअर-तास भरते. मोबाइलमधल्या जुन्या कोबाल्ट ऑक्साइडमधून प्रत्यक्षात १४० च्या आसपास मिळायचे.

पण निकेल वाढलं की पृष्ठभाग हळवा होतो. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिळून कणाच्या पृष्ठभागावरचं लिथियम बाहेर ओढतात. त्याचा लिथियम हायड्रॉक्साइड आणि लिथियम कार्बोनेटचा पातळ पापुद्रा कणावर बसतो. पापड पुन्हा उन्हात टाकला की कुरकुरीत होतो. इथे तसं नाही. तापवून पाणी निघून जाईल, पण बाहेर आलेलं लिथियम आपण होऊन जागेवर जात नाही, आणि कार्बोनेट साध्या ओव्हनला दाद देत नाही.

आता खरवस. हायड्रॉक्साइड हा अल्कली. पीव्हीडीएफच्या साखळीत हायड्रोजन आणि फ्लोरिन असतात. अल्कली त्यांना हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपात साखळीतून काढून टाकतो, मागे दुहेरी बंध उरतात आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींत गुंततात. सगळ्या बाटलीभर जाळं विणलं जातं, म्हणून ती हलत नाही.

पावडर कुठे ठेवतेस? बाटली किती वेळा उघडली गेली? आणि पावडरीचा पीएच कधी मोजला आहेस का? ग्रॅमभर पावडर थोड्या डिस्टिल्ड पाण्यात ढवळ, गाळून घे आणि पीएच बघ. चांगल्या मालाचा साडेअकराच्या आसपास येतो. १२ च्या वर गेला तर पावडर सादळली समज.

रंगारी | १३ जुलै, सकाळी ९:१५

बॅटरीतलं मला कळत नाही. पण ३१ वर्षं रंगाच्या कारखान्यात होतो आणि तुमची स्लरी म्हणजे रंगच आहे. पिगमेंट, बाइंडर, सॉल्व्हंट. तेव्हा अधिकाराने बोलतो.

तळ्याकाठींचं निदान पटतं, पण एकाच संशयितावर थांबू नका. एनएमपी स्वतः हवेतलं पाणी पितं. सॉल्व्हंटमध्ये पुरेसं पाणी शिरलं की त्यात विरघळलेला बाइंडर बाहेर पडू लागतो आणि स्लरी घट्ट होते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कारण पावडरीत आहे की सॉल्व्हंटमध्ये, हे कळल्याशिवाय इलाज करू नये.

ताई, तीन बाटल्या करा. पहिलीत फक्त बाइंडर आणि आत्ता वापरताय तो एनएमपी, पावडर नाही. दुसरीत तोच एनएमपी आणि न उघडलेल्या पाकिटातली पावडर. तिसरीत नुकताच फोडलेला एनएमपी आणि नेहमीच्या बाटलीतली पावडर. तिन्ही एकाच टेबलावर, एकाच वेळी. दर अर्ध्या तासाने तिरप्या करून बघा आणि वहीत लिहा. आमच्याकडे एखादी बॅच बिघडली की साहेबाच्या आधी अशा तीन बाटल्या टेबलावर यायच्या.

केळफूल | १३ जुलै, दुपारी १:२०

तळ्याकाठी, रंगारीकाका, मनापासून आभार. पावडरीची बाटली डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) असते, पण लॅबमध्ये आम्ही चौघं तीच वापरतो. जूनपासून किती वेळा उघडली याचा हिशेब नाही. तीन बाटल्या उद्याच लावते.

पिंपळपान | १३ जुलै, संध्याकाळी ६:००

मी पिंपरीला असतो, बॅटरी पॅकच्या कामात. थोडं परखड बोलतो. मुंबईत बसून एनएमसी ८११ करायचाच कशाला? एलएफपी करा. लोह आणि फॉस्फेट, ना निकेल ना कोबाल्ट. चार्ज केलेल्या अवस्थेत तापलं तरी ऑक्सिजन सहजी सोडत नाही, कारण तो फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या रिक्षेच्या पॅकला याहून चांगलं काय? जगातला बराचसा कोबाल्ट काँगोतून येतो, त्यावर आपण किती काळ अवलंबून राहायचं? संशोधनाचा विषय निवडतानाच देश आणि हवामान बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तळ्याकाठी | १३ जुलै, रात्री ९:४५

पिंपळपान, रिक्षेपुरतं पूर्ण अनुमोदन. पण दोन गोष्टी. एलएफपीची सैद्धांतिक क्षमता १७० आणि व्होल्टेज ३.४ च्या आसपास. ८११ चं सरासरी ३.८. वजनाला महत्त्व असलेल्या ठिकाणी हा फरक मोठा आहे. दुसरं, एलएफपीत इलेक्ट्रॉन जवळजवळ वाहतच नाहीत. म्हणून कण नॅनो आकाराचे करतात आणि वर कार्बनचा लेप देतात. कण जितके बारीक तितका पृष्ठभाग जास्त, आणि पृष्ठभाग जास्त म्हणजे ओल धरायला जागा जास्त. तोही नीट वाळवल्याशिवाय सेलमध्ये घालता येत नाही. दमट हवेतून सुटका कुणाचीच नाही.

पिंपळपान | १३ जुलै, रात्री १०:१०

ओल धरतो हे खरं, पण स्लरीचा खरवस करत नाही. शिवाय त्याला एनएमपी लागतंच असं नाही, पाण्यातल्या बाइंडरनेही लेप देता येतो. ८११ पाण्यात घोटून दाखवा बघू.

तळ्याकाठी | १३ जुलै, रात्री १०:२५

हा मुद्दा तुमचा. ८११ पाण्यात टाकला की लिथियम बाहेर येतं, पीएच चढतो आणि तो ॲल्युमिनियमची फॉइलच खातो. हायड्रोजनचे बुडबुडे येऊन लेपाला भोकं पडतात. मी केलं आहे. जाळी दिसते जाळी, घावनासारखी.

शाईपेन | १४ जुलै, सकाळी ८:००

कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होतो, आता निवृत्त. दादरला असतो. या चर्चेत एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण ओलीशी भांडण या बॅटरीच्या जन्मापासून चालू आहे.

१९७० च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी एक्सॉन कंपनीत असताना पहिला उपयोगी कॅथोड दाखवला, टायटॅनियम डायसल्फाइडचा. समोर लिथियम धातू. कल्पना अप्रतिम, पण दोन्ही पदार्थ हवेचे वैरी. डायसल्फाइडला ओल लागली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास. आणि लिथियम धातूला तर उघडं ठेवताच येत नाही.

मग १९८० मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि कोइची मिझुशिमा यांनी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड आणलं. व्होल्टेज चारच्या घरात गेलं, हे सगळे सांगतात. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी की लिथियम आधीच कॅथोडच्या आत होतं आणि ती पावडर साध्या हवेत टिकत होती. म्हणजे सेल रिकामा बांधायचा आणि नंतर चार्ज करायचा. कारखान्यात लिथियम धातू हाताळायची गरजच उरली नाही. १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी समोर पेट्रोलियम कोकपासून केलेला कार्बन ठेवला आणि जोडी जमली. १९९१ मध्ये सोनीने बॅटरी बाजारात आणली. २०१९ चं नोबेल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो तिघांना मिळून. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान दिलं ते अरुमुगम मंथिराम यांनी, आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. आणि पिंपळपान यांच्या एलएफपीचा १९९७ चा शोधनिबंध उघडलात तर पहिलं नाव दिसेल अक्षय पाधी. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर बघायची.

केळफूल, हवेत टिकणाऱ्या पदार्थाने उद्योग उभा केला आणि क्षमतेच्या हव्यासापायी आपण पुन्हा हवेला घाबरणाऱ्या पदार्थाकडे वळलो आहोत. तुझी अडचण लहान नाही, बेटा.

भातखाचर | १४ जुलै, दुपारी १२:३०

पेणजवळ आमची भातशेती आहे. थोडं विषयांतर करतो. गिरणीत तुसाचे ढीग पडलेले असतात. मध्यंतरी वाचलं की त्यातून बॅटरीचा सिलिकॉन निघतो. खरं आहे का? असेल तर तूस जाळून का टाकतो आपण?

तळ्याकाठी | १४ जुलै, रात्री ८:५०

खरं आहे. भाताचं रोप मातीतलं सिलिका शोषून तुसात साठवतं. तूस ॲसिडने धुऊन जाळलं की उरलेल्या राखेत बहुतांश सिलिकाच असतं. ते मॅग्नेशियमबरोबर ६५० अंशांच्या आसपास तापवलं की सिलिकॉन मिळतो, आणि रोपाने घडवलेली सच्छिद्र रचनाही बरीचशी टिकते. रासायनिकदृष्ट्या सुंदर काम आहे.

हा अॅनोड, म्हणजे पलीकडची बाजू. आज तिथे ग्रॅफाइट असतं, ग्रॅममागे ३७२. सिलिकॉनचे जवळपास ३६००. आकडा बघून डोळे दिपतात. पण लिथियम आत शिरलं की सिलिकॉन फुगून मूळच्या जवळपास चौपट होतो आणि बाहेर पडलं की आकसतो. दर फेरीला कण तडकतात. तडकलेल्या नव्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन इलेक्ट्रोडमधला द्रव, पुन्हा खर्ची पडतो, त्यात लिथियमही अडकतं. म्हणून आजच्या सेलमध्ये ग्रॅफाइटमध्ये थोडासाच सिलिकॉन किंवा त्याचं ऑक्साइड मिसळतात.

आणखी एक. उरलेलं सिलिका काढायला बरेच जण हायड्रोफ्लोरिक ॲसिड वापरतात. ते शेतघरात करायचं काम नाही.

भातखाचर | १४ जुलै, रात्री ९:३०

समजलं. म्हणजे तूस फुकट, पण पुढचं फुकट नाही. नारळाच्या करवंटीचं काय?

तळ्याकाठी | १४ जुलै, रात्री ९:४०

करवंटीची गोष्ट जास्त आशेची आहे. तिच्यापासून हार्ड कार्बन होतो आणि तो सोडियम बॅटरीचा मुख्य अॅनोड. सोडियमला ग्रॅफाइट चालत नाही, हा चालतो. फक्त सोडियमचे थरांचे ऑक्साइड कॅथोड ओलीला ८११ पेक्षाही जास्त घाबरतात. फिरून आपण धाग्याच्या शीर्षकावरच येतो.

अनुस्वार | १४ जुलै, रात्री ९:५५

नारळी पौर्णिमेच्या करवंट्या जपून ठेवतो, तळ्याकाठींच्या नावाने.

ग्रँटरोडकर | १५ जुलै, सकाळी ११:४०

लॅमिंग्टन रोडच्या बाजूला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पोरं १८६५० चे सेल आणतात, वर छापलेलं असतं ९९०० एमएएच (मिलीअँपिअर-तास). मी टेस्टरवर लावतो, हजार-बाराशे निघतात. त्या आकारात आज साडेतीन हजारांच्या आसपास मर्यादा आहे. आता वर आकडे वाचून कारण कळलं. कॅथोड २०० चा आणि ग्रॅफाइट ३७२ चं असेल तर त्या नळकांड्यात ९९०० मावणार कुठून? हे गिऱ्हाइकाला कसं समजवायचं ते आज सापडलं. धागा फार आवडला.

जुने सेल घरी फोडू नका, हात जोडून विनंती. एका पोराचा हात भाजलेला मी पाहिला आहे.

दोन_वेण्या | १५ जुलै, दुपारी ३:००

ग्रँटरोडकर यांनी सुरक्षेचं काढलं म्हणून लिहिते. मी सात वर्षं अशाच लॅबमध्ये होते.

केळफूल, एनएमपीला फारसा वास येत नाही म्हणून मुली ते बिनधास्त वापरतात. ते कातडीतून आत जातं आणि गर्भाला अपायकारक आहे. साधे पातळ हातमोजे पुरत नाहीत, ब्यूटाइल रबरचे माग. लेप वाळवणं फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढून घेणारं कपाट). लॅबमध्ये कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार करत असेल तर तिला हे काम देऊ नका, आणि हे तिने सांगायची वाट बघू नका. माझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं नाही. पुढचं लिहीत नाही.

आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या मिठाला, एलआयपीएफ६ ला, पाणी लागलं की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. तो कातडीला लागला तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लॅबमध्ये आहे का बघ. नसेल तर उद्याच्या उद्या मागव.

केळफूल | १५ जुलै, रात्री ९:२०

दोन_वेण्या, तुमचा प्रतिसाद छापून लॅबच्या दारावर लावला. जेल नव्हतं. ऑर्डर दिली. ब्यूटाइलचे हातमोजेही.

खाडीवरचा_वारा | १६ जुलै, सकाळी ६:५०

मी सेल बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्राय रूममध्ये, म्हणजे अगदी कोरड्या हवेच्या खोलीत, काम केलं आहे. एक हिशेब देतो, म्हणजे केळफूल यांना आपण कशाशी झुंजतोय ते दिसेल.

जुलैत मुंबईचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं) २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम पाणी. ड्राय रूमचा दवबिंदू उणे ४० किंवा त्याहून खाली, म्हणजे घनमीटरला ०.१२ ग्रॅम. फरक सुमारे दोनशे पट. आत माणसांची संख्यासुद्धा ठरलेली असते, कारण आपण श्वासातून आणि घामातून पाणी सोडतो. मी शिफ्टला आत जाताना चौथा माणूस बाहेर यायची वाट बघायचो.

कॉलेजला ड्राय रूम परवडणार नाही. पण पावडर लहान लहान पुड्यांमध्ये वाटून ठेवणं परवडतं. एक पुडी, एक बॅच. उरलेली परत बाटलीत टाकायची नाही. बाटली पहिल्यांदा उघडायची ती ग्लव्ह बॉक्समध्ये, तिथेच पुड्या करायच्या आणि चंदेरी ॲल्युमिनियमच्या पाऊचमध्ये सील करायच्या. साधं प्लास्टिक नको, त्यातून वाफ हळूहळू आत येते.

गवतीचहा | १६ जुलै, सकाळी १०:१५

मसाल्याचं अगदी असंच करतो आम्ही! वर्षाचं तिखट एका बरणीत ठेवलं आणि रोज चमचा घातला की जाळी धरते. म्हणून मोठी बरणी बंद आणि रोजची छोटी वेगळी. केळफूल, तुझी पावडर मला आता कळली.

तळ्याकाठी | १६ जुलै, सकाळी १०:४०

गवतीचहा, आमच्या लॅबची नवी पाटी तुमच्या नावाने लावतो : 'मोठी बरणी बंद, रोजची छोटी वेगळी.'

केळफूल | १९ जुलै, रात्री १०:३०

तीन बाटल्यांचा निकाल. उशिरा देते आहे, कारण रंगारीकाकांचा प्रयोग मी दोनदा केला.

पहिली, नुसता बाइंडर आणि चालू एनएमपी : दिवसभर वाहती, जराशी धुरकट. दुसरी, सीलबंद पाकिटातली पावडर आणि चालू एनएमपी : संध्याकाळपर्यंत व्यवस्थित वाहत होती. तिसरी, कोरा एनएमपी आणि आमची रोजची पावडर : दोन तासांत खरवस. दोन्ही वेळा.

पीएच : सीलबंद पावडर ११.६, रोजची १२.३.

गुन्हेगार पावडर. एनएमपीवरही मला थोडा संशय आहे, म्हणून तो आता मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या गोळ्यांवर) ठेवला आहे. चौघांनी बसून जुनी बाटली बाद केली. किंमत आठवून पोटात गोळा आला, पण केली.

रंगारी | १९ जुलै, रात्री १०:५०

शाब्बास. दुसऱ्यांदा केलात हे सगळ्यात आवडलं.

तळ्याकाठी | २० जुलै, सकाळी ७:१०

खरवस सुटला. पण तुझा दुसरा प्रश्न तसाच आहे : लेप चांगला बसूनही सेल ६० फेऱ्यांत का मरतात? काही विचारतो. लेपाचं वजन चौरस सेंटिमीटरला किती? चकत्या कधी वाळवतेस, गाडीत बसायच्या आधी की तिथे पोचल्यावर? सेलमध्ये समोर लिथियम धातूची चकती आहे ना?

केळफूल | २० जुलै, सकाळी ८:४५

वजन दीड मिलिग्रॅम. आदल्या रात्री कॉलेजात व्हॅक्यूम ओव्हनमध्ये १२० अंशांवर. मग डबा, लोकल, बस, आणि थेट ग्लव्ह बॉक्स. हो, समोर लिथियम.

तळ्याकाठी | २० जुलै, सकाळी ९:३०

तीनही उत्तरांत काहीतरी आहे.

कोरडी, सच्छिद्र चकती दीड-दोन तास दमट डब्यात राहिली की ती पाणी पिऊन घेते. सिलिका जेलच्या पुड्या आपल्या हवेत स्वतःच आधी भरलेल्या असतात. डब्यात घालायच्या आधी भाजल्या होत्यास का? ते पाणी इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरतं, हायड्रोजन फ्लोराइड होतो आणि तो कॅथोडमधून धातू विरघळवतो. ते धातू पलीकडच्या बाजूला जाऊन बसतात. उपाय : ग्लव्ह बॉक्सला जोडलेला ओव्हन असेल तर तिथेच पुन्हा १२० वर रात्रभर, आणि हवेत न काढता थेट आत. प्रवास सीलबंद पाऊचमध्ये.

वजनाबद्दल जरा कडक बोलतो. कारखान्यातला लेप दहा ते वीस मिलिग्रॅमचा असतो. दीड मिलिग्रॅमवर सगळेच पदार्थ हुशार दिसतात. आणि पातळ लेपात पदार्थ कमी असल्यामुळे तेवढंच पाणी त्याला जास्त जाचतं. जाड लेप करून बघच.

तिसरं, समोर लिथियम धातू भरपूर असल्याने सेलचा तोटा लपतो. दर फेरीला हजारात एक लिथियम हरवलं तर हजार फेऱ्यांनंतर ३७ टक्केच उरतं. पण धातूच्या चकतीतून कमतरता भरून निघते आणि आपल्याला काही दिसत नाही. शेवटी समोर ग्रॅफाइट लावून पूर्ण सेल कर. प्रबंधाच्या परीक्षकाने विचारण्याआधी आपण स्वतःला विचारलेलं बरं.

पिंपळपान | २० जुलै, सकाळी १०:००

पूर्ण सेलला १०० टक्के अनुमोदन. उद्योगातले लोक शोधनिबंध वाचताना पहिल्यांदा लेपाचं वजनच शोधतात. केळफूल, वर मी विषयनिवडीबद्दल बोललो ते तुम्हाला उद्देशून नव्हतं. तुम्ही ज्या चिकाटीने हे करताय ते बघून समाधान वाटलं.

केळफूल | २० जुलै, रात्री ११:००

पुड्या भाजल्या नव्हत्या. तीन वर्षं त्याच पुड्या वापरत होते. रंग बदलणाऱ्या नाहीत, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. आज रडू आलं थोडं, मग उठून कामाला लागले.

शाईपेन | २१ जुलै, सकाळी ७:४५

रडू येणं साहजिक आहे. पण त्या तीन वर्षांतलं हिवाळ्यातलं काम खरंच आहे, ते कुठे जात नाही. प्रबंधात पावसाळ्याचं एक प्रकरणच लिही. पुढच्या मुलीला हा धागा शोधावा लागू नये.

केळफूल | २१ ऑगस्ट, रात्री ९:५०

महिन्याने येते आहे. सेलना दिवसाला साधारण चार फेऱ्या होतात, म्हणून घाई करून उपयोग नव्हता.

२६ जुलैला बांधलेले चार सेल : बाहेर दिवसभर पाऊस, कुर्ल्याला रुळांवर पाणी, पण चकत्या चंदेरी पाऊचमध्ये होत्या आणि ग्लव्ह बॉक्सच्या ओव्हनमध्ये पुन्हा रात्रभर वाळल्या. आज ९८ फेऱ्या झाल्या. चारपैकी तीन सेलची क्षमता सुरुवातीच्या ९४ टक्क्यांच्या वर आहे. चौथा क्रिंप करताना (कड दाबून बंद करताना) माझ्याकडूनच तिरका दाबला गेला होता, तो मोजत नाही. आठ मिलिग्रॅमच्या लेपाला वाळताना भेगा पडल्या. रंगारीकाकांनी निरोपातून सांगितल्याप्रमाणे तापमान हळूहळू चढवलं तेव्हा बसला. ग्रॅफाइटचे पूर्ण सेल पुढच्या आठवड्यात.

एक नवी अडचण. कॉलेजातल्या व्हॅक्यूम पंपाचं तेल दुधासारखं पांढरं झालं आहे आणि व्हॅक्यूम पूर्वीसारखा लागत नाही. पुढे गणपतीची सुट्टी, मेकॅनिक मिळणार नाही. काय करू?

रंगारी | २१ ऑगस्ट, रात्री १०:०५

तेलात पाणी गेलं. पंप बंद करून सगळं तेल काढा, थोडं नवं घालून पाच मिनिटं फिरवा, तेही काढा, मग पूर्ण भरा. पंपाच्या डोक्यावर गॅस बॅलास्टची छोटी चकती असते, ती उघडी ठेवून अर्धा तास नुसता चालवा, म्हणजे आत राहिलेली वाफ बाहेर जाईल. मेकॅनिक लागत नाही. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी काचेतून तेलाचा रंग बघत जा.

केळफूल | २१ ऑगस्ट, रात्री १०:१२

तेलाचा डबा लॅबमध्ये आहे. सकाळी सातला पोचते.